तळघर आणि तळमजला यांच्यामध्ये

वकिलातीतून फोन आला तेव्हा सकाळचे पावणेअकरा झाले होते आणि मिस्त्री एका इस्पितळातल्या लिफ्टच्या खड्ड्यात उतरून सांडलेलं तेल पुसत होते. फोनवरचा माणूस ओरडत नव्हता, पण त्याला धाप लागली होती. "लिफ्ट अडकलीय. आत आमचा माणूस आहे. असाल तसे या."

मिस्त्री एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करत आले होते. शहरातल्या सहा परदेशी वकिलातींच्या लिफ्ट त्यांच्या कंपनीकडे होत्या आणि सहाही ठिकाणी तेच जायचे, कारण ते कमी बोलायचे. "भिंतींना कान असतात, पण आमच्या मिस्त्रींना तोंडच नाही," असं कंपनीचे मालक गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचे.

ही वकिलात एका जुन्या तीन मजली इमारतीत होती. एरवी फाटकावर हत्यारांच्या पिशवीतला पाना न् पाना तपासून घेत. त्या दिवशी कोणी पिशवीला हातही लावला नाही. मिस्त्रींना ते तेव्हाच खटकलं. लिफ्ट तळघर आणि तळमजला यांच्यामध्ये थांबली होती आणि आतून कोणीतरी दारावर लाथा घालत होतं. शब्द परक्या भाषेतले होते, पण घाबरलेला माणूस कळायला भाषा लागत नाही.

मिस्त्री गच्चीवरच्या मशीनरूममध्ये गेले. आधी वीज तोडली, मग ब्रेक सैल करून हाताने चाक फिरवत केबिन वीत वीत वर घेतली. खाली येऊन किल्लीने दार उघडलं. आत दोघं होते. एक आडदांड पहारेकरी, घामाने निथळलेला. तो मिस्त्रींना ढकलूनच बाहेर पडला. दुसरा चाळिशीचा माणूस कोपऱ्यात खाली बसला होता. त्याचे बूट त्याच्या हातात होते. पाय इतके सुजले होते की बोटं वेगळी दिसत नव्हती आणि तळव्यांवर काळेनिळे आडवे पट्टे होते.

"भाऊ," तो मिस्त्रींच्याच भाषेत हळूच म्हणाला, "मला उभं राहता येत नाही."

"पडला तो," मागून वकिलातीचे सचिव म्हणाले. "लिफ्ट हिसका देऊन थांबली ना, त्यात पडला." त्यांची भाषा स्वच्छ होती, इस्त्री केल्यासारखी. दोघांनी त्या माणसाला काखेत धरून उचललं आणि मागच्या दाराने नेलं. एक बूट वाटेत पडला. तो कोणीतरी पायाने कडेला सारला.

मिस्त्रींनी नेहमीप्रमाणे जॉब कार्ड लिहायला घेतलं. त्यात एक रकाना असायचा: अडकलेल्या व्यक्तींची अवस्था. मिस्त्रींच्या मनात तेव्हा न्यायबियाय काही नव्हतं, हे त्यांनी पुढे स्वतःच कबूल केलं. त्यांना एवढंच वाटलं की उद्या हे माझ्या गळ्यात येईल. म्हणून त्यांनी लिहिलं: "आत दोन इसम. एकाला चालता येत नाही, दोन्ही तळपाय सुजलेले. ही इजा लिफ्टमुळे झालेली नाही." खाली वेळ टाकली, अकरा वाजून चाळीस मिनिटं. सचिव फोनवर बोलत होते. त्यांनी न वाचताच सही ठोकली आणि शिक्का मारला. पांढरी प्रत वकिलातीला, पिवळी ऑफिसला, गुलाबी मिस्त्रींच्या पुस्तकात. मिस्त्री पुन्हा इस्पितळात गेले आणि उरलेलं तेल पुसलं. घरी ते कोणाला काही बोलले नाहीत.

सात महिन्यांनी एक वकीलबाई त्यांना शोधत आल्या. तेव्हा मिस्त्री एका दुकानाच्या मालवाहू लिफ्टची तार तपासत होते. बाई पालथ्या घातलेल्या खोक्यावर बसून सांगू लागल्या. लिफ्टमधला तो माणूस ड्रायव्हिंग स्कूल चालवायचा. वकिलात ज्या देशाची, त्या देशातून पळून इथे येऊन त्याला नऊ वर्षं झाली होती. त्याचा धाकटा भाऊ तिकडे तुरुंगात होता आणि हा दर सोमवारी वकिलातीसमोर भावाच्या सुटकेचा फलक घेऊन उभा राहायचा. एके दिवशी त्याला आत बोलावलं, भावाचं पत्र आलंय म्हणून. त्या पत्रासाठी तो तळघरात उतरला. आता त्याने त्या देशाच्या सरकारवरच इथल्या कोर्टात दावा लावला होता.

"सरकारवर? दुसऱ्या देशाच्या?" मिस्त्रींना हे नवीन होतं.

"तीच तर मेख आहे. एका राज्याने दुसऱ्या राज्याला आपल्या कोर्टात खेचायचं नाही, असा जुना नियम आहे. सगळी राज्यं बरोबरीची, मग कोणी कोणाचा न्याय करायचा?"

"म्हणजे त्यांना सगळे गुन्हे माफ?"

"गुन्हा माफ नसतो, मिस्त्री. कोर्टाचं दार बंद असतं, एवढंच. पण त्याला एक फट आहे. इजा जर आपल्या भूमीवर झाली असेल, तर दार उघडू शकतं. आणि वकिलात काही परकी भूमी नव्हे, लोक उगाच तसं समजतात. पोलिसांना तिथे परवानगीशिवाय शिरता येत नाही हे खरं, पण जमीन आपलीच."

"मग अडलंय कुठे?"

"त्यांनी कोर्टात लिहून दिलंय की तो माणूस तुमच्या लिफ्टमध्ये पडून जखमी झाला. लिफ्टची देखभाल नीट नव्हती म्हणून."

मिस्त्रींच्या हातातली तार सुटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ऑफिसात गेले. त्या महिन्याची फाइल जागेवर होती, पण तेवढी एक पिवळी प्रत तिच्यात नव्हती. मालकांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं, स्वतः उठून दार लावलं. "हे बघ, माणूस म्हटला की चूक होते. ब्रेकचा पट्टा झिजला होता असं सांग. परवाना सहा महिने निलंबित होईल, तेवढं मी सांभाळून घेतो. नाहीतर सहाच्या सहा वकिलाती हातच्या जातील. वीस माणसांच्या चुली आहेत आपल्याकडे."

"पट्टा झिजला नव्हता, मालक. मी आदल्याच महिन्यात बदलला होता."

"मला ठाऊक आहे रे," मालक म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. "तुझ्याकडची गुलाबी प्रत आणून दे."

मिस्त्रींनी ती आणून दिली नाही. बघतो म्हणाले.

त्याच आठवड्यात त्या वकिलातीच्या लिफ्टची मासिक तपासणी होती. टाळता येण्यासारखी नव्हती. काम संपल्यावर सचिव स्वतः मशीनरूमपर्यंत चढून आले. कपाळावर आठी नाही, आवाज चढलेला नाही. "तुमचे जावई आमच्या देशात बंदरावर क्रेन चालवतात ना? मेहनती आहेत असं ऐकतो. मुलगी लहान आहे म्हणे त्यांची. सांभाळून राहायला सांगा, बंदरावर अपघात फार होतात." एवढंच बोलून ते निघून गेले.

घरी मुलगी होती, तिची तीन वर्षांची पोर होती. जावई वर्षातून एकदा यायचे. त्यांचा पासपोर्ट तिथल्या कंपनीकडे जमा. मिस्त्रींनी त्या संध्याकाळी बायको आणि मुलगी दोघींना समोर बसवून सगळं सांगितलं. मुलगी भडकलीच.

"बाबा, तुम्ही काय जगाचा मक्ता घेतलाय? सांगून टाका ना, पट्टा झिजला होता म्हणून!"

"अगं, पण खोटं..."

"खोटं तर खोटं! तो तिथे त्यांच्या मुठीत आहे. तुमच्या एका कागदापायी माझ्या पोरीच्या बापाचं काही बरंवाईट झालं तर?"

मिस्त्रींची बायको शाळेत कारकून होती. मुलांच्या भांडणात ती आधी ऐकून घ्यायची. ती म्हणाली, "अहो, तारीख कधी आहे?"

"अठरा दिवसांनी."

"मग अठरा दिवस आहेत. आज रात्रीच कोणी काही ठरवू नका."

चौथ्या दिवशी मुलगी कुठेतरी जाऊन आली. बराच वेळ पोरीचे केस विंचरत बसली, मग आपणहूनच बोलली. "त्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेले होते. शिकायचंय असं सांगून." तो माणूस खुर्चीत बसून शिकवत होता. टेबलावर खेळण्यातली गाडी, खडूने आखलेले रस्ते. गाडीत शेजारी बसून ब्रेकवर पाय ठेवायची परवानगीच त्याला उरली नव्हती. पायाला दाब कळत नाही. "मला म्हणाला, ताई, मी तोंडीच शिकवतो, गाडीवर माझी बायको बसते. ती रागीट आहे, पण ब्रेक वेळेवर दाबते. हसला तो, बाबा." मग म्हणाली, "मी तुमच्या जावयाला बोलावून घेते. तो इथे आला की तुम्ही काय वाटेल ते सांगा."

फोनवर मोकळं बोलायची सोय नव्हती. "तुझ्या आईची तब्येत बरी नाही, भेटून जा," एवढंच ती नवऱ्याला म्हणाली. त्याची आई जाऊन चार वर्षं झाली होती. पलीकडून तो म्हणाला, "रजा टाकतो."

रजा मिळायला नऊ दिवस गेले, पासपोर्ट मिळायला आणखी तीन. विमान मिळालं ते नेमकं सुनावणीच्या दिवशी, इथल्या घड्याळाने सकाळी सव्वाअकराचं. कोर्ट अकराला बसायचं. वकीलबाईंनी तारीख पुढे मागून पाहिली; न्यायाधीशांनी याआधी दोनदा दिली होती, तिसऱ्यांदा दिली नाही.

त्या सकाळी कोर्टाच्या व्हरांड्यात मिस्त्री, मुलगी आणि मध्ये तिचा फोन. दहा वाजून पाच मिनिटांनी जावयाचा निरोप आला: सामान दिलं. दहा चाळीसला: रांगेत आहे. मग काही नाही. अकरा पाचला शिपायाने पुकारा केला. "बाबा, जा तुम्ही," मुलगी म्हणाली. "विमान सुटलं की मी आत येते. तोवर..."

"तोवर बघतो मी," मिस्त्री म्हणाले. गुलाबी कागद त्यांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात होता.

कोर्टाची खोली लहान होती, पंखा कुरकुरत होता. तो माणूस पुढच्या बाकावर काठी टेकून बसला होता, शेजारी त्याची बायको. सरकारपक्ष म्हणजे त्या परक्या सरकारचा पक्ष. त्यांचे वकील मात्र इथलेच, शहरातले नामांकित, पिकल्या केसांचे. वकीलबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "त्या दिवशी लिफ्ट का थांबली?"

आणि ज्या माणसाला तोंडच नाही म्हणून कौतुक व्हायचं, तो बोलायला लागला.

"त्याचं असं आहे, साहेब, की लिफ्ट का थांबते हे कळायला आधी ती चालते कशी हे कळायला पाहिजे." मिस्त्रींनी केबिन सांगितली, तिला तोलणारं मागचं वजन सांगितलं, तारा किती, प्रत्येक तारेत पेड किती, वेग वाढला तर गव्हर्नर नावाचा भाग कसा पकड घेतो, हे हातवारे करून सांगितलं. मधूनच त्यांची नजर दाराकडे जायची. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वीस. ते ब्रेकवर आले. ब्रेकचे दोन जबडे, त्यांची स्प्रिंग, स्प्रिंगचा ताण.

"मिस्त्री," न्यायाधीश म्हणाले, "मला परीक्षेला बसायचं नाहीये. मुद्द्यावर या."

खोलीत हशा पिकला. "येतो साहेब. मुद्दा ब्रेकच्या पट्ट्यातच आहे." मग त्यांनी पट्टा सांगितला. नवा केवढा जाड, झिजला की केवढा. अकरा बत्तीस. समोरचे वकील उठले. "साक्षीदार वेळ काढतोय, माझी हरकत आहे." न्यायाधीशांनी चष्मा काढला. मिस्त्रींनी पाणी मागितलं. पाणी आलं. ते त्यांनी घोट घोट प्यायलं. कपाळावरचा घाम थेट डोळ्यात उतरत होता. आता सांगण्यासारखं लिफ्टमध्ये काही उरलं नव्हतं.

दार उघडलं. मुलगी आत आली, मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. तिने बापाकडे पाहिलं आणि मान हलवली, होकाराची.

मिस्त्रींच्या पाठीवरचं ओझं उतरलं. त्यांनी गुलाबी कागद काढून समोर धरला. "साहेब, पट्टा मी आदल्याच महिन्यात बदलला होता. आणि हे लिफ्ट अडकली त्या दिवसाचं कार्ड. इजा लिफ्टमुळे झालेली नाही, हे मी तिथेच लिहिलंय. खाली सही आहे ती त्यांच्या सचिवांची. शिक्का त्यांचाच."

काठीवाला माणूस पुढे झुकला. समोरचे वकील ताडकन उभे राहिले. "वकिलातीचे दस्तऐवज कोर्टापुढे आणता येत नाहीत!"

"वकिलातीची प्रत पांढरी होती," वकीलबाई शांतपणे म्हणाल्या. "ती त्यांनी खुशाल जपून ठेवावी. ही साक्षीदाराच्या पुस्तकातली आहे."

न्यायाधीशांनी कागद उजेडात धरून दोनदा वाचला आणि दाखल करून घेतला. मग उलटतपासणी झाली. "तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही."

"मग इजा कशाने झाली हे तुम्हाला काय कळतं?"

"लिफ्टने लागलेली माणसं मी एकतीस वर्षं काढतोय, साहेब. कपाळ फुटतं, मनगट मोडतं, कंबर जाते. दोन्ही तळव्यांवर पट्टे उमटवणारी लिफ्ट मला अजून भेटायची आहे."

या वेळी कोणी हसलं नाही.

बाहेर आल्यावर मिस्त्रींनी मुलीचे खांदे धरले. "सुटलं ना विमान? किती वाजता उतरेल?"

"विमान सुटलं, बाबा. त्याचा फोन लागत नाहीये. दहा चाळीसनंतर निरोपच नाही."

"अगं, मग तू मान कशाला हलवलीस?"

"सांगा म्हणून हलवली. त्या माणसाची बायको दारातून दिसत होती. तुम्ही नुसते स्प्रिंगा सांगत बसला होतात आणि ती तुमच्याकडे बघत होती." ती खाली बसली, तिथेच, पायरीवर. "मला वाटलं, त्याला धरायचंच असेल तर एव्हाना धरलं असेल."

विमान उतरलं, त्यात जावई नव्हते. तिथली कंपनी म्हणाली, तो रजेवर गेला. विमानतळ म्हणाला, अशा नावाचा प्रवासी चढलाच नाही. परराष्ट्र खात्यातल्या खिडकीवर रोज एकच उत्तर: चौकशी चालू आहे. मालकांनी मिस्त्रींना कामावरून काढलं नाही, पण वकिलातींच्या किल्ल्या काढून घेतल्या. मुलगी जेवायला बसायची आणि ताटाकडे बघून उठायची. बापाशी तिचं बोलणं तुटलं नव्हतं, पण प्रत्येक वाक्य तोलूनमापून यायचं. पोर मात्र विचारायची, बाबांचं विमान पंक्चर झालं का?

एकोणिसाव्या दिवशी निकाल आला. त्याचे दोन भाग होते. भावाच्या तुरुंगवासाबद्दल जे मागितलं होतं ते फेटाळलं. ते त्या देशात घडलं, तिथे हे कोर्ट हात घालू शकत नाही. तळघरातल्या मारहाणीला मात्र संरक्षण नाही. ती इथल्या मातीवर झाली, दावा चालेल. वर्तमानपत्रात चौकट आली. वकीलबाईंनी फोन करून मिस्त्रींचं अभिनंदन केलं. मिस्त्री "बरं" म्हणाले आणि फोन मोकळा ठेवायला हवा म्हणून लगेच ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो माणूस काठी टेकत घरी आला. दोन मजले चढून. या इमारतीला लिफ्ट नव्हती. पाणी प्यायला आणि मुलीला म्हणाला, "ताई, मी दावा मागे घेतो. त्यांना तसं कळवतो. तुमचे यजमान सुटत असतील तर..."

मिस्त्रींच्या बायकोने पदर तोंडाला लावला. खरं सांगायचं तर, हो म्हणावं असंच मिस्त्रींना वाटत होतं.

"मागे घेतलात तर ते सोडतील, याची खात्री आहे?" मुलीने विचारलं.

तो प्रामाणिक माणूस होता. "नाही. माझ्या भावाच्या वेळी मी दोन वर्षं गप्प बसून पाहिलं. त्यांनी तेव्हाही सोडलं नाही."

"मग नका घेऊ मागे."

ती आत निघून गेली. दार लोटलं आणि आतून नळ सोडल्याचा आवाज आला, बराच वेळ.

सव्विसाव्या दिवशी जावई आले. कोणी कळवलं नव्हतं. दारात नुसते उभे राहिले, अंगावर त्याच दिवसाचे कपडे, दोन मापांनी सैल झालेले. का धरलं ते कोणी सांगितलं नव्हतं, का सोडलं तेही नाही. डावीकडून हाक मारली की त्यांना ऐकू येत नव्हतं. पोर आधी आजीमागे लपली, मग हळूच जाऊन त्यांच्या मांडीवर बसली. मिस्त्री पुढे झाले आणि जावयाच्या पाया पडायला वाकले. जावयांनी त्यांना वरच्या वर धरलं. "बाबा, हे काय? तुमची साक्ष नेमकी त्याच वेळी आहे हे मला आधी कळलं असतं तरी मी निघालोच असतो."

पुढचा महिना ते फारसे बोलले नाहीत. मग एका सकाळी म्हणाले, "मला त्या वकीलबाईंकडे न्या."

मिस्त्री, मुलगी आणि जावई तिघं गेले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही हातातलं पेन हललं नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "तुमच्यापासून लपवत नाही. ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांना जे दार उघडलं ते तुम्हाला उघडणार नाही. तुमचं तिकडे झालं, त्यांच्या भूमीवर. आज कायदा असा आहे."

"पण माणसं तीच, बाई," मिस्त्री म्हणाले. "त्या सचिवांनी इथे, माझ्या तोंडावर धमकी दिली होती."

"मशीनरूममध्ये. साक्षीदार?"

"कोणी नव्हतं," मिस्त्री म्हणाले. मुलगी उठायला लागली. जावई उठले नाहीत. त्यांनी उजवा कान बाईंच्या बाजूला केला आणि विचारलं, "लिहून ठेवायला काही हरकत आहे का?"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग खणातून कोरे कागद काढले, वर तारीख घातली. "सावकाश सांगा. रांगेत उभे होतात, तिथून."

"रांगेत माझ्यापुढे दोन माणसं होती," जावई म्हणाले. मुलगी पुन्हा खुर्चीवर बसली, त्यांच्या डाव्या बाजूला, आणि बाई लिहू लागल्या.